सामोआत समुद्रकाठच्या फालेत राहायचंय, आईला घेऊन. कुठली निवडावी?

सुरंगी · ११ मे

नमस्कार मंडळी. आम्ही ऑकलंडला असतो. जुलैत शाळेला सुट्टी लागली की आठ रात्री सामोआला जायचं ठरतंय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि चिपळूणहून आलेली माझी आई. आईचं वय ६८, गुडघे दुखतात, शुद्ध शाकाहारी.

ऑफिसातली माझी एक मैत्रीण सामोअन आहे. मी हॉटेल शोधतेय म्हटल्यावर ती म्हणाली, "आमच्याकडे येऊन भिंतींच्या आत कशाला झोपतेस? फालेत राहा." तेव्हापासून रोज रात्री फोटो बघतेय आणि गोंधळ वाढतोय. एके ठिकाणी वाळूवर नुसते खांब, वर छप्पर, आत गाद्या आणि मच्छरदाणी. दुसरीकडे तेच, पण लाकडी जोत्यावर आणि कठडा असलेलं. तिसरीकडे दार, कुलूप, पंखा, स्वतःचं बाथरूम. तिन्हींना 'बीच फाले'च म्हणतात आणि भाव मात्र कुठल्या कुठे.

उपोलू बेटावरचं लालोमानु घ्यावं की सवाई बेटावरचं मनासे? उघडी फाले घ्यावी की बंद? आई काय जेवेल? रात्री दार नसलेल्या जागी लेकीला घेऊन झोपायला भीती वाटेल का? जे राहून आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दर्यावर्दी · ११ मे

सुरंगीताई, मी कामानिमित्त तीन वर्षं आपियात, म्हणजे सामोआच्या राजधानीत होतो. शनिवार-रविवारी दोन्ही बेटांवरच्या फालेंमध्ये कितीतरी रात्री काढल्या आहेत, त्यामुळे जरा लांब लिहितो.

फाले म्हणजे सामोअन भाषेत घर. ऑकलंडला माओरी माणसांच्या तोंडी 'फारे' ऐकलं असेल, तोच हा शब्द. मोठं, गोल, बैठकीचं घर ते फालेतेले, आणि मागच्या परसातलं किंवा किनाऱ्यावरचं छोटं खोपट ते फालेओ. पर्यटकांना मिळतात त्या या धाकट्या घराच्या बहिणी. भिंती नसतात, कारण गावात कुटुंब सगळ्यांच्या नजरेसमोर राहतं, आणि त्या दमट हवेत वारा आरपार गेला नाही तर झोपच लागत नाही.

आता निवडीचं. सामोआतली सुमारे ८० टक्के जमीन प्रथेने कुटुंबांच्या सामाईक मालकीची आहे, ती विकता येत नाही. आपल्या भावकीच्या सामाईक जमिनीसारखं समजा, फक्त वाटण्या होत नाहीत. विस्तारित कुटुंबाला ते 'आइंगा' म्हणतात, त्याचा प्रमुख तो 'मताई', आणि सगळ्या मताईंची मिळून गावाची पंचायत, 'फोनो'. किनाऱ्यावरच्या बहुतेक साध्या फाले त्या त्या गावातल्या एखाद्या आइंगाच्या असतात. तुम्ही त्यांच्या अंगणात झोपणार, त्यांच्या चुलीवरचं जेवणार, त्यांच्या प्रार्थनेच्या वेळा पाळणार. म्हणून फोटोपेक्षा घरची माणसं कशी आहेत ते आधी बघा. फोन करा. दोन मिनिटं बोललात तरी कळतं. "आई ६८ वर्षांची आहे" म्हटल्यावर पलीकडून काय विचारतात, तेवढं ऐका.

लालोमानु की मनासे, याचं माझं उत्तर वाऱ्यावर ठरतं. मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो आणि तेव्हा आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. लालोमानु उपोलूच्या आग्नेय टोकाला आहे, म्हणजे वारा थेट तोंडावर. दिवसा फार छान वाटतं, समोर नुउतेले बेट, पाण्याचा रंग असा की बघत राहावं. रात्री मात्र झडपा सोडून, बांधून झोपावं लागतं. मनासे सवाईच्या उत्तर किनाऱ्यावर, डोंगराच्या आडोशाला. जुलैत तिथलं पाणी शांत असतं. लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असताना मी मनासे घेईन.

फोनवर या गोष्टी नक्की विचारा: चारी बाजूंना झडपा आहेत का, त्या सोडायला कोण येतं, मच्छरदाणी प्रत्येक गादीला वेगळी आहे का, संडास किती पावलांवर आहे आणि वाटेत दिवा लागतो का, संध्याकाळचं जेवण भाड्यात धरलेलं आहे का. बहुतेक ठिकाणी भाडं माणशी असतं आणि सकाळची न्याहारी व रात्रीचं जेवण त्यातच येतं.

पाण्याचंही सांगतो. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, तिथे जेमतेम मीटरभर. त्यामुळे समुद्र दूर गेलाय असं दृश्य दिसत नाही, पण प्रवाळाच्या आतलं पाणी ओहोटीला गुडघ्याएवढं होतं आणि पायाखाली प्रवाळ टोचतात. रबरी बूट न्या. पोहायचं ते भरतीच्या आसपास.

सुरंगी · १२ मे

किती छान लिहिलंत! वाऱ्याचा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. झडपा म्हणजे नक्की काय? फोटोत काही ठिकाणी निळी ताडपत्री दिसते.

शाकारणी · १२ मे

याचं उत्तर मी देतो, कारण अशी घरं बघायलाच २०१८ साली बारा दिवस तिथे जाऊन आलो. कोकणातल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो.

झडपांना ते 'पोला' म्हणतात. पावसाळ्याआधी आपण पडवीला नारळाची झापं बांधतो ना, जवळजवळ तीच वीण. चुडत मधोमध चिरून पाती एकमेकांत विणलेली. फरक इतकाच की तिथे ती एकाखाली एक दोरीत ओवतात आणि दोरी ओढली की सगळी ओळ वर सरकते, सोडली की खाली येते. दिवसभर वर, रात्री किंवा पाऊस ज्या अंगाने येईल त्या अंगाची खाली. ताडपत्री लावलेली असेल तर पाणी अडतं, पण वाऱ्यात रात्रभर फडफडते आणि आत कोंदट होतं. पोला असलेली मिळाली तर तीच घ्या. पण प्रत्येक बाजूची दोरी धड आहे का, ते पोचल्या पोचल्या ओढून बघा. उजेड असताना.

मग मान वर करून छप्पर बघा. उसाच्या पातीने शाकारलेलं असेल तर आतून पट्ट्यांच्या ओळी दिसतात, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारख्या. पाती काडीवर दुमडून टाचायची आणि त्या पट्ट्या खालून वर बांधत न्यायच्या. पट्ट्या करणं हे रीतीने बायकांचं काम. वासे आणि मेढी जिथे मिळतात तिथे एकही खिळा नसतो. सगळे बंध काथ्याच्या दोरीचे, तिला 'आफा' म्हणतात. घरातले म्हातारे पुरुष ती वळत बसतात, आणि एका मोठ्या फालेला काही किलोमीटर आफा लागते. खिळा ठोकला की वादळात लाकूड तिथेच फाटतं. बांधलेला सांधा वाऱ्याबरोबर थोडा हलतो आणि पुन्हा जागेवर येतो. फालेतेले बांधणाऱ्या कारागिरांना 'तुफुंगा' म्हणतात, त्यांचा मान गावात मोठा. एका जुन्या फालेत मी दुपारभर उताणा पडून नुसते बंध मोजत होतो. तपकिरी आणि काळी दोरी आलटून पालटून घेऊन केलेली नक्षी होती. घरधनी येऊन शेजारी आडवा झाला आणि बोटाने दाखवू लागला, हा बंध माझ्या आजोबांनी बांधलाय.

आता बऱ्याच फालेंवर पत्रा आहे. पत्रा बघून नाक मुरडू नका. पातीचं छप्पर दर काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं आणि ते करणारे हात कमी झालेत, कुटुंबाला परवडत नाही. पत्र्याखाली दुपारी तापतं आणि पावसात बोललेलं ऐकू येत नाही, एवढं लक्षात ठेवून घ्या. झाडाच्या सावलीतली पत्र्याची फाले चांगली. फक्त ते झाड नारळाचं नको, किंवा असलंच तर नारळ उतरवलेले असू देत.

परसबाग · १२ मे

आईच्या जेवणाची काळजी करू नका. सामोआचं जेवण म्हणजे अळू, अळकुड्या, केळी, नीरफणस, पपई आणि नारळाचं दूध. कोकणातल्या माणसाला यातलं काय परकं आहे?

'पालुसामी' नक्की खायला द्या. अळूची कोवळी पानं हातावर एकावर एक पसरायची, मध्ये कांदा घातलेलं दाट नारळाचं दूध ओतायचं, पुरचुंडी बांधायची आणि 'उमू'त भाजायची. उमू म्हणजे तापलेल्या दगडांवर अन्न रचून वरून केळीच्या व नीरफणसाच्या पानांनी झाकलेली भट्टी. सोबत भाजलेला 'तालो', म्हणजे आपल्या अळकुडीचा मोठा भाऊ. नीरफणसाला 'उलू' म्हणतात. कच्च्या केळ्यांचं नारळाच्या दुधातलं 'फाअलिफु' पण उत्तम. सकाळी 'कोको सामोआ' मिळतो, भाजून कुटलेल्या कोकोचा, तळाशी रवाळ गाळ राहणारा.

सावध राहायची जागा एकच. पालुसामीत कधीकधी 'पिसुपो', म्हणजे डब्यातलं गोमांस घालतात, आणि वरून बघून कळत नाही. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. त्यांच्या मनात मासे आणि कोंबडी त्यात येतीलच असं नाही. एकेक नाव घेऊन सांगा: पिसुपो नको, डुक्कर नको, कोंबडी नको, मासे नकोत. आणि आदल्या दिवशी सांगा, म्हणजे त्या माउलीची धावपळ होत नाही. मेतकूट-लोणचं नेणार असाल तर विमानतळावर न विसरता जाहीर करा.

केतकी · १३ मे

मी वेगळं मत मांडते. सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही उघड्या फालेत राहिलो होतो आणि मला अजून त्याची रुखरुख वाटते. जागेचं नाव घेत नाही, माणसं मनाने वाईट नव्हती. पण एका बाजूच्या झडपेची दोरी तुटलेली होती आणि रात्री पाऊस नेमका त्याच बाजूने आला. गाद्या भिजल्या. सासूबाईंना जमिनीवरच्या गादीवरून उठताच येईना. अंधारात दोघांनी धरून उभं केलं. संडास दीडशे पावलांवर, वाटेत कुत्री. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणं बंद केलं. ते कळल्यावर मला रडू आलं.

तेव्हा आईसाठी सरळ दार असलेली, पलंग असलेली, आत संडास असलेली खोली घ्या. दोन पैसे जास्त जातील. तुम्ही तिघं हवं तर शेजारी उघड्यावर झोपा.

दर्यावर्दी · १३ मे

केतकीताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. संध्याकाळनंतर पाणी बंद करणारी म्हातारी माणसं मीही पाहिली आहेत. पावलं मोजायला मी सांगितलं होतं, पण जमिनीवरून उठण्याचा विचार माझ्याकडून राहिला. पुष्कळ घरांकडे दोन्ही प्रकार असतात, पुढे उघड्या आणि मागे दोन-तीन बंद. असंच घर शोधा.

सुरंगी · १४ मे

केतकी, वाचून पोटात कालवलं. आई पण अगदी अशीच आहे, बोलणार नाही. नक्की लक्षात ठेवीन.

आणखी एक. नवऱ्याने २००९ च्या त्सुनामीबद्दल वाचलं आणि आता तो म्हणतो किनाऱ्यावर नकोच. त्याची भीती मला खोटी वाटत नाही.

दर्यावर्दी · १४ मे

भीती खोटी नाहीच. २९ सप्टेंबर २००९ ला सकाळी पावणेसातच्या सुमारास सामोआच्या दक्षिणेला समुद्राखाली मोठा भूकंप झाला, तीव्रता ८.१. काही मिनिटांतच लाटा दक्षिण आणि आग्नेय किनाऱ्यावर आल्या. सामोआत १४० हून अधिक माणसं गेली, शिवाय अमेरिकन सामोआ आणि टोंगात. सर्वांत जास्त मार आलेइपाता भागाला बसला, लालोमानु त्यातच येतं. किनाऱ्यावरच्या फाले उरल्या नाहीत. ज्या कुटुंबांनी माणसं गमावली त्यांनीच त्या पुन्हा उभ्या केल्या. तुम्ही तिथे गेलात तर यजमान आपणहून बोलले तर ऐका, आपण होऊन विचारू नका.

निवडीसाठी याचा अर्थ असा. फालेच्या मागे चढाची वाट आहे का आणि तुमच्या आईला ती चढता येईल का, हे बघायचं. लालोमानुला रस्त्यापलीकडे लगेच डोंगर आहे, ही जमेची बाजू, पण चढ खडा आहे. मनासेला जमीन हळूहळू चढते. पोचल्यावर पहिल्या तासात सगळ्यांनी मिळून त्या वाटेने एकदा चालून या. लेकीलाही दाखवा. आणि नियम एकच: जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट बघायची नाही, सामान घ्यायचं नाही, वर निघायचं. चपला आणि टॉर्च उशाशी. गाडी भाड्याने घेणार असाल तर रात्री रस्त्याच्या दिशेने तोंड करून लावा.

मी तीन वर्षं असा झोपलो आणि शांत झोपलो.

तिकोना · १५ मे

थोडक्यात काही गोष्टी, आत्ताच जाऊन आलेय म्हणून. सवाईची बोट उपोलूवरच्या मुलिफानुआहून सुटते, ते विमानतळापासून अगदी जवळ. सव्वा-दीड तासात सालेलोलोंगा. गाडी बोटीत घालणार असाल तर जागा आधी धरा. रोख ताला बरोबर ठेवा, खेड्यात कार्ड चालेलच असं नाही. एक ताला म्हणजे साधारण तीस रुपये. डास दिवसाही चावतात आणि डेंग्यू असतो, मलम सकाळीही लावा. आणि आईचा न्यूझीलंडचा व्हिजिटर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते आजच बघा! परतताना अडकायला नको.

सुरंगी · १५ मे

व्हिसा बघितला, आहे. तिकोना, तुझे खूप आभार, हे कुणालाच सुचलं नव्हतं.

मुग्धा_वेलिंग्टन · १६ मे

कपडे आणि वागण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पोहण्याचे कपडे पाण्यापुरतेच. गावातून चालताना कमरेला लावालावा, म्हणजे लुंगीसारखं कापड गुंडाळायचं, खांदे झाकायचे. संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास शंख किंवा घंटा वाजते, ती 'सा' ची वेळ. घरोघरी प्रार्थना सुरू होते. दहा-वीस मिनिटं रस्त्यावरून चालू नका, आहात तिथे बसा. कुणी बसलेलं असताना समोरून जायची वेळ आली तर थोडं वाकून 'तुलोउ' म्हणायचं. बसताना पाय समोरच्याकडे पसरायचे नाहीत, मांडी घालायची. आपल्याला हे शिकवावं लागत नाही.

रविवार सगळा चर्चचा. काही गावांत रविवारी पोहायला परवानगी नसते. यजमानांनी चर्चला बोलावलं तर जरूर जा. चार-चार आवाजांत गातात, वाद्यांवाचूनही, आणि छप्पर भरून जातं. नंतरच्या 'तोओनाई' च्या जेवणाला बसवतील. मी पाहुणी म्हणून गेले होते आणि मला आधी वाढलं, घरातली मुलं मागे थांबली होती. ते जड जातं, पण नाही म्हणू नका. ताटात मात्र थोडं घ्या.

सुरंगी · २ जून

ठरलं! मनासेला पाच रात्री, मग लालोमानुला दोन, शेवटची आपियात. मनासेच्या तीन घरांना फोन केले. दोघांनी किती जण आणि कधी येणार एवढंच विचारलं. तिसऱ्या बाईंनी आईचं वय ऐकून विचारलं, "तिला पायऱ्या चढता येतात का? रात्री किती वेळा उठते?" मी तिथेच हो म्हटलं. आईसाठी मागची बंद खोली, आम्हाला पुढची उघडी फाले. दोन वेळचं धरून माणशी ९० ताला, लेकीचे निम्मे.

सुरंगी · २४ जुलै

परत आलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी वृत्तांत.

पहिल्या रात्री आई बंद खोलीत झोपली. सकाळी उठून बघते तर ती आमच्या फालेच्या कडेला बसलेली, पाय खाली सोडून, हातात कोको. म्हणाली, "त्या खोलीत जीव घुसमटला. मी आजपासून इथे." मी केतकीचं सगळं आठवून नाही नाही म्हणत होते. पण आमची फाले वाळूपासून उंच लाकडी जोत्यावर होती. आईने करून दाखवलं: जोत्याच्या कडेला ओटीवर बसावं तसं टेकायचं, मग अंग वळवून पाय वर घ्यायचे. उठताना उलट. जमिनीवरून उठायचा प्रश्नच येत नव्हता. यजमानीणबाईंनी दोन गाद्या एकावर एक घालून दिल्या आणि तिची मच्छरदाणी संडासाच्या वाटेकडच्या बाजूला बांधली. मी पावलं मोजली, ४२. वाटेवर त्यांनी रात्रभर एक दिवा ठेवला. आई रोज रात्री पाणी पिऊन झोपली. केतकी, हे मुद्दाम तुझ्यासाठी लिहितेय.

तिसऱ्या रात्री पाऊस आला. आधी नारळाच्या पानांवर, मग समुद्रावर, मग आमच्यावर. मी उठून दोरी शोधतेय तोवर बाईंचा मुलगा टॉर्च घेऊन धावत आला. एकेक पोला सरसर खाली सोडली, वाऱ्याच्या बाजूची तळाला खांबाशी बांधली आणि गेला. तो घड्याळ लावून उठला नव्हता, त्यांच्या घरालाही भिंती नाहीत म्हणून त्याला पाऊस आमच्याआधी कळला. आत ओल्या झापांचा वास भरला. लेक जागीसुद्धा झाली नाही. माझ्या पायथ्याची चादर तेवढी भिजली.

दार नसण्याची भीती पहिल्या संध्याकाळीच गेली. रात्री उशिरापर्यंत शेजारच्या घरातून बोलण्याचा आवाज येत होता आणि मला अंगणात झोपायचे ते दिवस आठवले.

शाकारणी, तुम्हाला हे सांगायलाच हवं. बाईंचे सासरे दुपारी सावलीत आफा वळत बसायचे. सोडणाच्या लांब धाग्यांची बट मांडीवर तळहाताने एकदाच दाबून पुढे न्यायची, की तिला पीळ बसतो. अशा तीन बटा घेऊन विणायच्या. आई दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर जाऊन बसली. तिने लहानपणी तिच्या आजोबांना सुंभ वळताना पाहिलंय. सुंभ दोन पदरी पिळाचा, ही तीनपेडी, वेणीसारखी. तिने पहिला तुकडा विणला तो त्यांनी हातात घेतला, ओढून बघितला, उसवला आणि परत दिला. आणखी घट्ट, अशी खूण केली. चौथ्या दिवशी तिचा तुकडा त्यांनी उसवला नाही, स्वतःच्या दोरीला जोडून पुढे विणायला घेतला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता.

परसबाग, पालुसामी आईने रोज खाल्लं. एकेक नाव घेऊन सांगितलं होतं, बाईंनी आईची पुरचुंडी वेगळ्या पानात गुंडाळून ओळखू येईल अशी ठेवली. निघताना आईने त्यांना अळूवडीची रीत हातवारे करून सांगितली. बेसन आपियात मिळतं का ते मी बघितलं नाही.

सालेआउलाला लाव्हाचं मैदान बघितलं. १९०५ ते १९११ मातावानुचा ज्वालामुखी धुमसत होता, त्याचा रस चर्चमध्ये शिरून तिथेच थिजलाय. जमिनीवर अजून पत्र्याच्या वळ्या उमटलेल्या दिसतात. लेकीने त्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

लालोमानुच्या दोन रात्री सुंदर, पण वारा दर्यावर्दींनी सांगितला तसाच. झडपा बांधूनही आईला कानटोपी घालावी लागली. पोचल्यावर आम्ही चौघं चढाच्या वाटेने वर गेलो. आईला अकरा मिनिटं लागली, दोनदा थांबून. नवऱ्याने वेळ लावली होती. ते अकरा मिनिटं कळल्यावर आम्ही आमची पुढची फाले बदलून वाटेजवळची मागितली. घरातल्या आजीने काही न विचारता किल्लीच्या जागी गाद्या उचलायला दोन मुलगे पाठवले, आणि जाता जाता त्या वाटेकडे बघून नुसती मान हलवली.

केतकी · २४ जुलै

वाचून डोळे भरून आले. ४२ पावलं आणि दिवा. आता सासूबाईंना विचारीन, पुन्हा जाऊ या का.

मंदार_पुणे · २६ जुलै

छान धागा. आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत जायचं म्हणतोय, पुण्याहून. चालेल का?

दर्यावर्दी · २६ जुलै

नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. २०१२ च्या डिसेंबरातच एव्हन वादळाने आपियासकट उपोलूचं मोठं नुकसान केलं होतं. दरवर्षी येतं असं नाही, पण उघडी फाले आठ दिवस धरून ठेवू नका. दोन-दोन रात्रींचं घ्या आणि आपियात पक्क्या खोलीची सोय ठेवा. पुण्याहून येताय तर न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियामार्गे ट्रान्झिट व्हिसाचं बघावं लागेल, फिजीत नंदीमार्गे भारतीयांना सोपं पडतं. जमत असेल तर जून-जुलै धरा.

मंदार_पुणे · २७ जुलै

धन्यवाद, मग पुढच्या जूनचं बघतो. बाबा ७४ वर्षांचे आहेत. सुरंगीताई, त्या जोत्याची उंची नक्की किती होती? फोनवर तेवढं आधी विचारीन.

सुरंगी · २७ जुलै

आत्ता आईला विचारलं. वाळूपासून सव्वादोन वीत, तिच्या वितीने. तिने पहिल्याच सकाळी मोजली होती.